बाबूराव पेंटर आणि ‘सावकारी पाश’

मला जुन्या चित्रपटांचे वेड आहे. जुने म्हणजे राज कपूर-देव आनंद यांचे नव्हेत. त्याहूनही जुने, मुके. वसतिगृहातले मित्र यावरून माझी यथेच्छ टिंगल करतात. नवा चित्रपट लागला की सगळे जालन्याला थिएटरकडे धावतात आणि मी ग्रंथालयातल्या कोपऱ्यात शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रपटांची माहिती वहीत उतरवीत बसतो. जे चित्रपट बघायलाच मिळत नाहीत त्यांच्यावर प्रेम कसले करतोस, असे एका मित्राने विचारले होते. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

ज्या माणसापायी हे वेड लागले त्याचे नाव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीपुरते येते. कलामहर्षी बाबूराव पेंटर, कोल्हापूर. ती ओळ पाठ करून आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे, हे आडनावच सांगते. शाळेत त्यांचे मन फारसे रमले नाही. जे शिकले ते हातांनी शिकले: चित्रे काढणे, मूर्ती घडवणे, यंत्रे उघडून पुन्हा जोडणे. आतेभाऊ-मामेभावांपैकी आनंदराव मेस्त्री हे त्यांचे जोडीदार. त्या काळात संगीत नाटक मंडळ्यांना रंगवलेले पडदे लागत. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’साठी या दोघांनी पडदे रंगवले आणि त्या कामाचे इतके नाव झाले की मेस्त्री हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हेच नाव चिकटले.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि दोघा भावांना हलत्या चित्रांनी झपाटले. पण चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा, आणि तो विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा त्यांनी कॅमेरा घरीच बनवायचे ठरवले! मला या गोष्टीचे नवल अजूनही ओसरलेले नाही. चित्रपटाचा कॅमेरा म्हणजे नुसती भिंग लावलेली पेटी नव्हे. हँडल फिरवले की फिल्म एक चौकट पुढे सरकली पाहिजे, भिंगामागे क्षणभर अगदी स्थिर राहिली पाहिजे, त्याच क्षणी झडप उघडली पाहिजे आणि फिल्म पुन्हा सरकताना मिटली पाहिजे. हे सारे सेकंदाला सोळा वेळा, आणि तेही हाताने फिरवून. फिल्मच्या कडेच्या छिद्रांत दाते नेमके बसले नाहीत तर पडद्यावर चित्र थरथरते. या खटपटीत असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. दुसरा कोणी असता तर पुन्हा पडदे रंगवायला लागला असता. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरले आणि १९१८ पर्यंत कॅमेरा पुरा केला.

मग महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तानीबाई कागलकर या गायिकेने तिला पैसा दिला, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते; चित्रपटाच्या इतिहासात अशा बायकांची नावे तळटिपेतसुद्धा क्वचित सापडतात. पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात लागला. फाळक्यांची तारामती एका पुरुषाने, अण्णा साळुंके यांनी, केली होती. ‘सैरंध्री’त मात्र बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की पुढे ते दृश्य काढून टाकावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटानंतर.

पुढची काही वर्षे भरभराटीची. चित्रीकरणाआधी बाबूराव स्वतः प्रसंगांची आणि वेशभूषेची चित्रे काढून ठेवीत. ज्या माणसाने नाटकांचे पडदे रंगवून नाव मिळवले त्यानेच चित्रपटातून रंगवलेला सपाट पडदा काढून टाकला आणि तिथे खरीखुरी बांधणी आणली. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. चित्रपटाची जाहिरातचित्रेही ते रंगवीत. ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाचा नायक मास्टर विठ्ठल हाही याच कंपनीत तयार झाला. ‘कल्याण खजिना’त तो चक्क नर्तकी होऊन नाचला होता.

पण मला ज्याविषयी खरे बोलायचे आहे तो चित्रपट १९२५ चा. नाव ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरी आपट्यांची. देव नाहीत, राक्षस नाहीत, किल्ले नाहीत. एक शेतकरी आहे, एक सावकार आहे, मधे एक कागद आहे. जमीन जाते, आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांच्या मनात एक दृश्य कायमचे राहिले: रात्रीची वेळ, एक उदास झोपडी, आणि तोंड वर करून रडणारे कुत्रे.

चित्रपट चालला नाही. लोकांना कृष्ण हवा होता, शिवाजी महाराज हवे होते. आपलेच कर्ज पैसे देऊन कोण बघणार? बाबूराव पुन्हा पोथ्या-पुराणांकडे आणि इतिहासाकडे वळले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम ही त्यांच्याच हाताखाली शिकलेली माणसे बाहेर पडली आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. ‘प्रभात’चे नाव आज घराघरात आहे, तिच्या गुरूचे नाही. बोलपट आले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी संपली. १९३६ साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा, बोलपट म्हणून, काढला. म्हणजे तो विषय त्यांच्या मनातून अकरा वर्षे गेला नव्हता. मला वाटते, एवढ्यावरून माणूस कळतो. १६ जानेवारी १९५४ रोजी ते वारले.

मुका ‘सावकारी पाश’ आज नाही. त्या काळची फिल्म चटकन पेट घेई आणि तिच्यात चांदी असे. पुष्कळ चित्रपट जळाले, पुष्कळ चांदीसाठी भंगारात गेले. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले तीसेक उरले, तेही बरेचसे तुकड्यांत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी कोल्हापूरला गेलो होतो. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचे स्मारक आहे. त्याच्याकडे बघत मी बराच वेळ उभा राहिलो. तेवढ्यात एका रिक्षावाल्याने कुठे जायचे म्हणून तीनदा विचारले.

गावी परत आल्यावर ही कथा मी आबांना सांगितली. आमचे गाव घनसावंगी तालुक्यातले. आबा माझे आजोबा. तरुणपणी अंबडला मत्स्योदरी देवीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा पाहायला ते चालत जात, म्हणून ऐकायला उत्सुक होते. बहात्तरच्या दुष्काळात आमची पाच एकर जमीन एका सावकाराकडे गेली. गहाण म्हणून सांगितले होते, कागद निघाला खरेदीखताचा. आबा आधी खडी फोडायला गेले, मग जालन्याच्या मोंढ्यात पोती उचलू लागले. हे आमच्या घरी कधी बोलले जात नाही. मला ते आत्याकडून तुटक तुटक कळलेले.

मी शेतकरी सांगितला, सावकार सांगितला, गिरणी सांगितली. आबा सुपारी कातरीत ऐकत होते. शेवटी त्या झोपडीची आणि कुत्र्याची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा अडकित्ता थांबला. सिनेमा जर मुका होता, तर कुत्रे रडते आहे हे लोकांना कसे कळले, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो की मान वर केलेली आणि तोंड उघडलेले दिसत असणार, त्यावरून. आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की आपण जालन्याला निघालो तेव्हा खंड्या आखाड्यावरच राहिला होता, तो गाडीमागे आला नाही.

इतक्या वर्षांत त्या कुत्र्याचे नाव मी पहिल्यांदाच ऐकले.