कॅमेरनबाई आणि त्यांचें भिंग

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं नवी विद्या आरंभून तींत कीर्ति मिळविणारीं माणसें विरळाच. ज्यूलिया मार्गारेट कॅमेरन ह्या अशांपैकीं होत. त्यांचा जन्म ११ जून १८१५ रोजीं कलकत्ता येथें झाला. १८३८ सालीं कायदेपंडित चार्ल्स हे कॅमेरन ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पुढें हें कुटुंब इंग्लंडास गेलें व १८६० पासून वाइट बेटावरील फ्रेशवॉटर गांवीं राहूं लागलें.

डिसेंबर १८६३ मध्यें कन्या व जामात ह्यांनीं बाईंस एक कॅमेरा भेट दिला. बाईंनीं कोळशाच्या कोठीची अंधारखोली केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचें चित्रगृह केलें. काचेवर रासायनिक द्रव्य ओतून ती ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे. हात काळे होत, काचा वायां जात. तरी बाई खचल्या नाहींत.

दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागें जितक्या अंतरावर स्पष्ट उमटते, तें त्याचें नाभ्यंतर होय. बाईंच्या पहिल्या भिंगाचें नाभ्यंतर १२ इंच होतें. नाभ्यंतर लहान असलें म्हणजे काचेवर विस्तृत प्रदेश मावतो. डोंगर, नदी, शेतें ह्यांचा देखावा घेणारास तें सोयीचें. परंतु १२ इंची भिंगानें मुद्रा मूळ आकाराएवढी घ्यावयाची तर तें चेहऱ्यापासून अवघ्या २ फुटांवर आणावें लागतें. मग नाक मोठें व कान लहान दिसतात. १८६६ सालीं बाईंनीं ३० इंच नाभ्यंतराचें भिंग घेतलें. त्यानें तेंच काम ५ फुटांवरून होतें व अवयव प्रमाणांत राहतात. मात्र डोळे स्पष्ट केले तर खांदे अंधुक होत, आणि बसणारास कांहीं मिनिटें निश्चल राहावें लागे.

हा अंधुकपणा अज्ञानाचा मानून अनेक जाणत्यांनीं बाईंची थट्टा केली. बाईंनीं मात्र आपली रीति सोडली नाहीं. १८६७ सालीं त्यांनीं आपले जुने स्नेही, खगोलवेत्ते सर जॉन हर्शेल, ह्यांचें चित्र घेतलें. अंधारांतून पुढें आलेला तो वृद्ध चेहरा आजहि पाहणारास थबकवितो.

१८७५ सालीं बाई सिलोनास गेल्या व तेथेंच जानेवारी १८७९ मध्यें निवर्तल्या. मुलांनो, देवानें दिलेलें दान उशिरां हातीं आलें म्हणून पुरून ठेवूं नये. आणि कोणतेंहि साधन निवडण्यापूर्वीं आपणांस काय पाहावयाचें आहे, हें आधीं ठरवावें.