ध्रुवप्रदेशातील चूल

चोहोबाजूंनी बर्फ असताना माणूस तहानेने व्याकूळ होऊ शकतो, हा अनुभव फ्रिट्यॉफ नान्सेन यांना 1888 मध्ये ग्रीनलंडच्या हिमपठारावर आला. नॉर्वेचे थोर संशोधक, ध्रुवप्रदेशाचे प्रवासी आणि पुढे शांततेच्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरलेल्या नान्सेन यांच्या चरित्रात एका लहानशा चुलीला मोठे स्थान आहे. पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगरवाटा तुडवणाऱ्यांना ही कथा आजही उपयोगी पडावी.

नान्सेन यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1861 रोजी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहराजवळ झाला. प्राणिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते बर्गेनच्या संग्रहालयात काम करू लागले. मज्जासंस्थेवरील संशोधनासाठी त्यांना 1888 मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी पाच साथीदारांसह ते ग्रीनलंड ओलांडण्यासाठी निघाले. निर्जन पूर्व किनाऱ्यावरून वस्ती असलेल्या पश्चिम किनाऱ्याकडे जायचे, म्हणजे माघारीचा प्रश्नच उरणार नाही, असा त्यांचा बेत होता. तो यशस्वी झाला. पण पठारावर पारा उणे 40 अंश सेल्सियसच्याही खाली गेला आणि सोबतच्या स्पिरिटच्या चुलीवर पुरेसे पाणी मिळेना. इंधन मोजकेच होते. अखेर चपट्या बाटल्यांत बर्फ भरून त्या छातीशी बाळगायच्या आणि अंगाच्या उबेने वितळेल तेवढे पाणी प्यायचे, अशी वेळ आली.

यामागचे शास्त्र सोपे आहे. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवण्यासाठी जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेत एक लिटर पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापते. बर्फ उणे 40 अंशांचा असेल तर खर्च आणखी वाढतो. तो तसाच खाल्ला तर ही किंमत शरीराला मोजावी लागते. थोडक्यात, हिमप्रदेशात इंधन म्हणजेच पाणी.

हा धडा नान्सेन विसरले नाहीत. उत्तर ध्रुवाच्या मोहिमेसाठी 'फ्राम' जहाज 1893 मध्ये निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ नवे साधन होते. स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी 1892 मध्ये बिनकाजळीचा रॉकेलचा स्टोव्ह बनवला होता. पंप मारून टाकीत दाब निर्माण करायचा, तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि ती निळ्या ज्योतीने जळते. हाच तो प्रायमस. त्याच्याच जातीच्या स्टोव्हची फरफर पुढे मुंबई-पुण्याच्या चाळींतून वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली. स्पिरिटच्या तुलनेत तेवढ्याच वजनाचे रॉकेल सुमारे दीडपट उष्णता देते.

मात्र नान्सेन यांची खरी प्रतिभा दिसली ती भांड्यांच्या रचनेत. मधोमध अन्न शिजवण्याचे भांडे, त्याभोवती बर्फ वितळवण्याचे वलयाकार भांडे, वर आणखी एक पसरट भांडे आणि या सर्वांवर बाहेरून आवरण, अशी ती योजना होती. ज्योतीपासून निघालेली गरम हवा या साऱ्यांना स्पर्श केल्याशिवाय बाहेर पडत नसे. स्टोव्हसह हा संच सुमारे 4 किलोंचा होता. साधारण 20 लिटर रॉकेलमध्ये दोन माणसांचे दोन वेळचे गरम अन्न आणि भरपूर पाणी 120 दिवस भागेल, असा त्याचा हिशेब होता.

त्याची कसोटी लवकरच लागली. 14 मार्च 1895 रोजी नान्सेन आणि याल्मार योहानसेन 'फ्राम' सोडून कुत्र्यांच्या घसरगाड्यांसह उत्तरेकडे निघाले. एप्रिलमध्ये ते 86 अंश 14 मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उत्तरेला कोणीही गेले नव्हते. परतताना फ्रान्झ जोसेफ बेटांवर दगड आणि वॉलरसच्या कातड्यांच्या खोपटात त्यांनी हिवाळा काढला. तेथे चरबीचे दिवेच त्यांची चूल झाले. ऑगस्ट 1896 मध्ये दोघेही सुखरूप मायदेशी परतले.

पुढच्या पिढीतील ध्रुवप्रवाशांनी प्रायमस आणि नान्सेन यांचा संच यांची जोडी स्वीकारली. मात्र इंधन सांभाळणे तितकेच महत्त्वाचे होते. अमुंडसेन यांनी रॉकेलचे डबे झाळून बंद केले. स्कॉट यांच्या तुकडीला मात्र 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना वाटेवरच्या साठ्यांत रॉकेल कमी भरले, आणि त्या तुकडीतले कोणीही परतले नाही.

आज गिर्यारोहकाच्या पाठपिशवीत रॉकेलऐवजी गॅसचे छोटे कॅनिस्टर असते, पण निवडीची कसोटी तीच आहे. बर्नर किती जोरात पेटतो यापेक्षा किती उष्णता भांड्यात उतरते, हे पाहावे. सह्याद्रीत थंडीपेक्षा वारा इंधन खातो. तेथे रुंद बुडाचे भांडे, झाकण आणि आडोसा उपयोगी पडतो. हिमालयात मात्र निव्वळ ब्यूटेन कामाचा नाही, कारण शून्याच्या आसपास त्याची वाफ होणे थांबते. आयसोब्यूटेन व प्रोपेन यांचे मिश्रण हवे. नान्सेन यांच्यासारखे पूर्ण आवरण मात्र कॅनिस्टरवर बसवलेल्या बर्नरला घालू नये. खालचे कॅनिस्टर तापून स्फोटाचा धोका असतो. बंद तंबूतही तो पेटवू नये. विषारी वायू साचतो.

नान्सेन यांनी उत्तरायुष्यात हीच काटेकोर दृष्टी माणसांच्या दुःखाकडे वळवली. रशियातील 1921 च्या दुष्काळात त्यांनी अन्नमदत उभी केली. देश हरवलेल्या निर्वासितांसाठी 1922 मध्ये 'नान्सेन पासपोर्ट' सुरू झाला आणि त्याच वर्षी त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. 13 मे 1930 रोजी त्यांचे निधन झाले. भूक आणि गारठा यांची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती. म्हणूनच इतरांच्या ताटातील घासाचा आणि चुलीतील उबेचा हिशेब त्यांना इतक्या आस्थेने ठेवता आला.