पोरक्या मुलांचा पिता : संत जॉन बॉस्को

धर्मग्रामाचा महोत्सव साजरा होत असतां इमारतींचा व देणग्यांचा हिशोब आपण सहज मांडतों. परंतु आपल्या हातून किती मुलें सन्मार्गास लागलीं, हा हिशोब मांडणें अवघड जातें. म्हणून ज्या धर्मगुरूंनीं आपलें सर्व आयुष्य ह्याच कामीं वेंचलें, त्यांचें चरित्र ह्या स्मरणिकेंत थोडक्यांत सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ते म्हणजे संत जॉन बॉस्को. त्यांचें नांव आपल्यापैकीं बहुतेकांच्या मुखीं आहे. मात्र त्यांच्या कार्याचा आरंभ कोणत्या मुलांपासून झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसावें.

जॉनचा जन्म ता. १६ ऑगस्ट १८१५ रोजीं उत्तर इटलींतील पिएमॉन्त प्रांतांत, बेक्की नांवाच्या लहानशा वाडीवर, एका शेतकरी कुटुंबांत झाला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता, तोंच त्याचे वडील फ्रान्सिस हे न्युमोनियानें वारले. ते दिवस दुष्काळाचे होते. वृद्ध सासू, सावत्र मुलगा अँथनी आणि आपले दोन मुलगे, जोसेफ व जॉन, ह्या सर्वांचा भार माता मार्गारेट हिच्यावर येऊन पडला. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. तरी प्रार्थना व धर्मशिक्षण तिनेंच मुलांस तोंडीं शिकविलें.

वयाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास जॉनला एक स्वप्न पडलें. शिव्याशाप देत भांडणाऱ्या मुलांवर तो मुठी उगारून धांवला असतां, त्यांस मारून नव्हे तर ममतेनें जिंकावें, असा बोध त्यास त्या स्वप्नांत झाला. तेव्हांपासून जत्रेंतील डोंबाऱ्यांचे खेळ पाहून तो दोरीवर चालावयास शिकला व ते खेळ पाहण्यास जमलेल्या मुलांकडून जपमाळ म्हणवून घेऊं लागला. त्याचें शिकणें सावत्र भावास रुचत नसल्यामुळें त्यास घर सोडून कांहीं काळ परक्याच्या शेतावर गडी म्हणून राहावें लागलें. पुढें शिंप्याच्या व लोहाराच्या दुकानीं कामें करीत त्यानें आपलें शिक्षण चालविलें, १८३५ मध्यें सेमिनरींत प्रवेश केला व ता. ५ जून १८४१ रोजीं ट्यूरिन येथें गुरुदीक्षा घेतली.

त्या काळीं ट्यूरिन शहर झपाट्यानें वाढत होतें. डोंगराळ भागांतील गरीब मुलें गवंड्यांच्या हाताखालीं चुना व विटा वाहण्यासाठीं तेथें येत. त्यांस ना घर, ना शाळा, ना कोणी विचारणारा. फादर जोसेफ काफासो हे तरुण फादर बॉस्को यांस तुरुंगांत घेऊन जात. तेथें कोंवळ्या वयाचे कैदी पाहून त्यांचें मन हेलावलें. सुटलेलीं मुलें थोड्याच दिवसांत पुन्हा तुरुंगांत येत, कारण बाहेर त्यांस हात देणारें कोणी नव्हतें. ही गोष्ट त्यांनीं पक्की ध्यानांत घेतली.

ता. ८ डिसेंबर १८४१, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशीं ते मिस्साची तयारी करीत असतां, बार्थोलोम्यू गारेल्ली नांवाच्या एका पोरक्या मुलास चर्चचा सेवक मारून हांकलूं लागला. तो गवंड्यांच्या हाताखालीं काम करी. त्यास अक्षरओळख नव्हती, धर्मशिक्षणही नव्हतें. फादर बॉस्को यांनीं त्यास परत बोलाविलें, गोडीनें विचारपूस केली व मिस्सानंतर त्यास पहिला धडा दिला. पुढील रविवारीं तो आपल्या सोबत्यांना घेऊन आला. थोड्याच काळांत ही संख्या शेंकड्यांवर गेली.

परंतु एवढीं गलबला करणारीं मुलें शेजारीं कोणास नकोशीं होतीं. एक जागा सोडून दुसरी, दुसरी सोडून तिसरी, अशी त्यांची वणवण चालली. कित्येकांनीं तर फादरांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असें ठरविलें. ज्या श्रीमंत बाईंच्या संस्थेंत त्यांस पगाराची नेमणूक होती, त्यांनीं मुलें किंवा नोकरी ह्यांपैकीं एक निवडण्यास सांगितलें. फादरांनीं मुलें निवडलीं. अखेरीस १८४६ च्या पुनरुत्थानाच्या सणीं वाल्दोक्को भागांत पिनार्दी नांवाच्या गृहस्थाची एक ठेंगणी पडवी भाड्यानें मिळाली. त्याच वर्षीं ते मरणाच्या दारांतून परत आले, आणि माता मार्गारेट आपलें घर सोडून त्यांच्या मुलांची आई होण्यासाठीं ट्यूरिनला आली. पुढील दहा वर्षें, म्हणजे १८५६ मध्यें मरण येईपर्यंत, तिनें त्या मुलांची भाकर भाजली व फाटके कपडे शिवले.

फादर बॉस्को यांनीं रात्रशाळा चालविल्या. निराश्रित मुलांस घरांत ठेवून घेतलें. १८५१ पासून कामावर जाणाऱ्या मुलांसाठीं ते मालकांशीं लेखी करार करूं लागले. मालकानें मुलास त्याच्या धंद्याचेंच काम द्यावें, चूक झाल्यास शब्दांनीं समजवावें पण मारूं नये, रविवारीं व सणाच्या दिवशीं त्यास मोकळें सोडावें, अशा अटी त्यांत असत. १८५३ पासून आपल्याच घरीं त्यांनीं चांभारकाम व शिवणकाम, आणि पुढें पुस्तकबांधणी, सुतारकाम व छपाई शिकविण्याची सोय केली. १८५४ मध्यें शहरांत पटकीची साथ आली, तेव्हां त्यांच्या मुलांनीं आजाऱ्यांची शुश्रूषा केली.

त्यांच्या शिक्षणपद्धतीचे तीन आधार होते : विवेक, धर्म आणि ममता. मुलानें गुन्हा केल्यावर शिक्षा करण्यापेक्षां, त्याच्यासोबत राहून त्यास गुन्ह्यापासून वांचवावें, असें त्यांचें मत होतें. हेंच कार्य चालू राहावें म्हणून ता. १८ डिसेंबर १८५९ रोजीं त्यांनीं सालेशियन संघ स्थापिला, व १८७२ मध्यें संत मारिया माझारेल्लो यांच्यासह मुलींच्या शिक्षणासाठीं धर्मभगिनींचा संघ उभारिला. १८७५ मध्यें त्यांचे पहिले मिशनरी आर्जेन्टिनास गेले. ह्या काळांत आपल्याच आर्चबिशपांशीं त्यांचे दीर्घ मतभेद झाले, आणि तें दुःखही त्यांनीं सोसलें. ता. ३१ जानेवारी १८८८ रोजीं ते प्रभूच्या घरीं गेले. १९३४ च्या पुनरुत्थानाच्या सणीं परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. त्यांचे अनुयायी १९०६ मध्यें तंजावरास व १९२८ मध्यें मुंबईस आले. माटुंग्याचें त्यांचें विद्यालय व साहाय्यक मातेचें मंदिर आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिलें असेल.

परंतु वाचकहो, मोठ्या विद्यालयावरून ह्या संताची ओळख पटत नाहीं. ती चुना वाहणाऱ्या मुलावरून पटते. आणि तें मूल आपल्यापासून दूर नाहीं. आमच्या कर्जत व खालापूर भागांत भाताची कापणी आटोपली कीं, अनेक कातकरी कुटुंबें उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. आईबापांबरोबर मुलेंही जातात, आणि त्यांची शाळा अर्ध्यावर सुटते. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी बंद झाली आहे. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. तरी उचलीचा हिशोब कुटुंबास वाचून दाखविण्यास, अगर मुलाचा हात धरून त्यास शाळेंत नेण्यास, कोणीतरी भट्टीपर्यंत चालत जावेंच लागतें. फादर बॉस्को हें काम स्वतः करीत. बांधकामाच्या जागीं जाऊन ते आपल्या मुलांस भेटत व मालकांशीं बोलत.

आपल्यांतील शिक्षकांनीं, तरुणांनीं व भगिनींनीं आठवड्यांतील एक संध्याकाळ ह्या कामीं दिली, तर एखाद्या वाडीवर अभ्यासवर्ग सहज चालेल. त्या मुलांचा धर्म कोणता, हें विचारण्याचें कारण नाहीं. त्यांस कोणी आहे कीं नाहीं, एवढेंच विचारावें. ह्या महोत्सवाच्या वर्षीं परमेश्वर आम्हां सर्वांस ती बुद्धि देवो, आणि संत जॉन बॉस्को आमच्यासाठीं विनंति करोत, हीच आमची प्रार्थना.