मावशीचा ग्राफ आणि बर्नार्ड कॅट्झ: नस स्नायूला मेसेज कसा पाठवते?

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या पापण्या संध्याकाळ झाली की आपोआप मिटायला लागल्या. सकाळी एकदम ठीक, संध्याकाळी डोळे उघडे ठेवणंही अवघड. घरात सगळ्यांनी दोष मोबाईलला दिला. शेवटी न्यूरॉलॉजिस्टने एक टेस्ट केली. नसेला सेकंदाला 3 असे हलके शॉक द्यायचे आणि स्नायू दरवेळी किती प्रतिसाद देतो ते मोजायचं. स्क्रीनवर पहिली लाट उंच, दुसरी बुटकी, तिसरी अजून बुटकी. निदान झालं मायस्थेनिया ग्रेव्हिस.

मी सॉफ्टवेअरवाला. लोड आल्यावर सर्व्हरचे असे उतरते ग्राफ रोज बघतो. मावशीच्या नसेत नेमकं काय संपत होतं, हे शोधता शोधता मी बर्नार्ड कॅट्झ यांच्यापाशी पोहोचलो.

लायप्झिग ते लंडन, व्हाया रडार

कॅट्झ यांचा जन्म 1911 चा, जर्मनीतल्या लायप्झिगचा. घर रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबाचं. तिथेच ते डॉक्टर झाले, पण तोवर हिटलर सत्तेत आला होता. ज्यू असल्यामुळे त्यांना मिळायला हवं असलेलं एक विद्यार्थी पारितोषिक जाहीरपणे देता आलं नाही. प्राध्यापकांनी पैसे गुपचूप हातात दिले. 1935 मध्ये ते इंग्लंडला निघून गेले. तेव्हा ते कुठल्याच देशाचे नागरिक नव्हते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये नोबेलविजेते ए. व्ही. हिल यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेतलं.

1939 मध्ये ते सिडनीला गेले. महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात रडार अधिकारी होते. 1946 ला परत लंडन.

नॉइज की सिग्नल?

1950 च्या सुमारास कॅट्झ आणि पॉल फॅट बेडकाच्या स्नायूत बारीक इलेक्ट्रोड घालून व्होल्टेज मोजत होते. नस शांत असतानाही स्क्रीनवर छोटे टेंगूळ उठायचे, साधारण अर्ध्या मिलिव्होल्टचे. मी असतो तर फिल्टर लावून मोकळा झालो असतो! त्यांनी मात्र तपासलं. नस स्नायूला जिथे भेटते तिथेच ते दिसत, थोडं लांब गेलं की गायब. क्युरारे हे विष टाकलं की बंद. म्हणजे मशीनचा दोष नव्हता.

मग जोसे देल कास्तियो यांच्याबरोबर कॅट्झ यांनी कॅल्शियम कमी आणि मॅग्नेशियम जास्त करून नसेचा प्रतिसाद अगदी बारीक केला. तो 1 टेंगूळ, 2 टेंगूळ, 3 टेंगूळ अशा पायऱ्यांनीच येत होता, आणि कधी कधी शून्य. अर्थ सरळ होता: नस अॅसिटाइलकोलीन हे रसायन नळासारखं सोडत नाही, बंद पुड्यांमध्ये सोडते. एका पुडीत हजारो रेणू. अर्धी पुडी मिळत नाही.

किती पुड्या सुटतील हे नशिबावर, पण नशिबाचंही गणित असतं. सरासरी 1 पुडी सुटत असेल तर पॉयसॉनच्या सूत्रानुसार 100 पैकी साधारण 37 वेळा काहीच सुटणार नाही. मोजलेले आकडे या सूत्राशी जुळले. हे 1954 चं काम, कॉम्प्युटरशिवाय केलेलं मॉडेलिंग!

ग्राफ का उतरतो?

वडापावच्या गाडीचा विचार करा. ताटात तळलेले वडे तयार आहेत, कढईत नवे होतायत. एकदम गर्दी आली की ताट रिकामं होतं. नसेचंही तसंच. समजा तयार साठा 100 आणि प्रत्येक सिग्नलला त्यातला 40 टक्के जातो. पहिल्यांदा 40 पुड्या, मग उरलेल्या 60 मधल्या 24, मग 36 मधल्या 14. मधल्या वेळात नवा माल थोडाच भरतो. पुडी लहान होत नाही, पुड्यांची संख्या घटते. 1997 मध्ये मिशा त्सोडिक्स आणि हेन्री मार्क्रम यांनी मेंदूतल्या जोडण्यांसाठी याच कल्पनेचं आटोपशीर मॉडेल मांडलं.

मग आपले डोळे का मिटत नाहीत? कारण आपल्याकडे गरजेपेक्षा बऱ्याच जास्त पुड्या सुटतात; थोडी घट झाली तरी काम भागतं. मावशीच्या स्नायूवर रसायन पकडणारे रिसेप्टर तिच्याच प्रतिकारशक्तीने कमी केले होते. शिल्लक मार्जिन उरलं नव्हतं, म्हणून घट उघडी पडली. तिची गोळी पुड्या वाढवत नाही, सुटलेलं रसायन जास्त वेळ टिकवते.

कॅट्झ यांना 1970 मध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि ज्युलियस अॅक्सेलरॉड यांच्यासोबत नोबेल मिळालं. 2003 मध्ये लंडनला ते गेले.

मावशी आता संध्याकाळची मालिका पूर्ण बघते. आणि मी कुठलाही डेटा साफ करताना आधी एकदा विचारतो, हा नॉइज नक्की नॉइजच आहे ना? पायथन येत असेल तर वरचं 100 आणि 40 टक्क्यांचं मॉडेल करून बघा, दहा ओळींत होतं. रिफिलचा वेग बदला आणि ग्राफ कुठे स्थिरावतो ते पाहा.