काचकणांची साक्ष : डॉ. एडमाँ लोकार

विद्यार्थ्यांनो, खिडकीचें तावदान फोडलें कीं सारे तुकडे पलीकडेच उडतात, असा आपला समज असतो. परंतु कांहीं बारीक कण उलट उडून फोडणाऱ्याच्याच कपड्यांत शिरतात. असल्या क्षुद्र कणांस न्यायासनापुढें मान मिळवून देणाऱ्यांत फ्रान्सचे डॉ. लोकार अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म १८७७ सालीं झाला. वैद्यक व कायदा या दोहोंचें अध्ययन करून ते लियाँ शहरीं प्रोफेसर लाकासान्य यांचे सहायक झाले. १९१० मध्यें तेथील न्यायमंदिराच्या माळ्यावर, अवघ्या दोन खोल्यांत, त्यांनीं पोलिसांसाठीं प्रयोगशाळा थाटली. खोटीं नाणीं पाडणाऱ्यांच्या कपड्यांतील धातुकण तपासून त्यांनीं आपल्या विद्येची प्रचीति दिली. दोन वस्तूंचा स्पर्श झाला कीं प्रत्येकीचा कांहीं अंश दुसरीस लागतो, हें त्यांच्या शिकवणीचें सार.

याच मार्गानें पुढें काचेची परीक्षा सूक्ष्म झाली. ती मोठी मौजेची आहे. कण तेलांत ठेवून तेल तापवितात. तेल व काच प्रकाशकिरणांस सारखेंच वाकवूं लागलीं कीं कणाची कडा दिसेनाशी होते. त्या उष्णमानावरून काचेची जात कळते. ती फुटक्या तावदानाशीं न जुळल्यास तो कण तेथील नव्हे. जुळली तरी घाई नको. तशीच काच शेंकडों घरांत असूं शकते, आणि येथें एखाद्या निरपराध्याचें आयुष्य पणास लागलेलें असतें! स्वतः लोकार बोटांच्या ठशांतही बाराहून अधिक खुणा स्पष्ट जुळल्यावांचून निःशंक होत नसत.

१९६६ मध्यें, वयाच्या ८८ व्या वर्षीं, ते वारले.