दह्याला प्रयोगशाळेत नेणारे शास्त्रज्ञ : एली मेचनिकॉफ



सूक्ष्मजीवांचा पाठ शिकवताना दुधाचं दही कसं होतं हे आपण सांगतोच. पण हल्लीची मुलं लगेच पुढचं विचारतात. दुकानात दही असतं, योगर्ट असतं, ग्रीक योगर्ट असतं, प्रोबायोटिक दहीपण असतं. मग हे सगळं एकच की वेगवेगळं? याचं उत्तर नीट द्यायचं असेल तर एका शास्त्रज्ञाचं चरित्र माहीत असायला हवं. आज त्यांचीच ओळख करून घेऊया.

बालपण व शिक्षण

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ साली खार्कीवजवळच्या एका गावात झाला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. त्यांचं मूळ नाव इल्या. पुढे फ्रान्समध्ये ते एली या नावाने ओळखले जाऊ लागले. लहानपणापासून त्यांना किडे, वनस्पती, पाण्यातले जीव यांचं वेड होतं. खार्कीव विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पूर्ण केला. तरुण वयातच ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले.

दुःखाची वर्षे

१८६९ साली त्यांचं लग्न लुडमिला यांच्याशी झालं. त्यांना क्षयरोग होता. लग्नाच्या दिवशीसुद्धा अशक्तपणामुळे त्यांना खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. मेचनिकॉफ यांनी खूप धडपड केली, हवापालटासाठी पत्नीला मदीरा बेटावर नेलं. पण १८७३ मध्ये लुडमिला वारल्या. मेचनिकॉफ इतके खचले की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले. १८७५ मध्ये त्यांनी ओल्गा यांच्याशी विवाह केला. ओल्गा यांनी त्यांना आयुष्यभर साथ दिली आणि नंतर त्यांचं चरित्रही लिहिलं.

गुलाबाचा काटा

ओडेसा विद्यापीठातल्या राजकीय गोंधळाला कंटाळून १८८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि ते कुटुंबासह इटलीतल्या मेसिना या गावी राहायला गेले. तिथे समुद्रातल्या तारामाशांच्या अळ्यांचं ते सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करत असत. या अळ्या पारदर्शक असतात, त्यामुळे आतल्या पेशींची हालचाल दिसते. मेचनिकॉफ यांच्या मनात आलं, बाहेरचं काही शरीरात घुसलं तर या पेशी काय करतील? त्यांनी बागेतल्या गुलाबाचे बारीक काटे अळ्यांमध्ये टोचले. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींनी गर्दी केली होती!

म्हणजे शरीरात घुसलेल्या परक्या गोष्टींना घेरून गिळणाऱ्या पेशी असतात. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी हेच काम करतात. त्यांना भक्षक पेशी म्हणतात. अनेक शास्त्रज्ञांना हे पटलं नाही. त्यांच्या मते रोगजंतू मारण्याचं काम रक्तातली द्रव्यं करतात. वाद बरीच वर्षं चालला. शेवटी दोन्ही बाजूंत तथ्य निघालं. १९०८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि पाउल एरलिक यांना विभागून मिळालं.

पॅरिस आणि दही

१८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या पाश्चर संस्थेत प्रयोगशाळा दिली. तिथे ते अखेरपर्यंत राहिले. उतारवयात त्यांना एका प्रश्नाने पछाडलं. माणूस म्हातारा का होतो? त्यांना वाटलं, मोठ्या आतड्यातले जीवाणू अन्न कुजवतात, त्यातून विषारी द्रव्यं तयार होतात आणि ती शरीर झिजवतात.

बल्गेरियातल्या खेड्यांत पुष्कळ माणसं दीर्घायुषी असतात आणि ती रोज आंबवलेलं दूध खातात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. १९०५ मध्ये जिनिव्हा येथे स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाने त्या दह्यातला जीवाणू शोधला. त्यालाच आज लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस म्हणतात. हा जीवाणू दुधातल्या साखरेपासून आम्ल तयार करतो. हे आम्ल आतड्यातली कुजण्याची क्रिया रोखेल, असा मेचनिकॉफ यांचा तर्क होता. ते स्वतःही रोज आंबवलेलं दूध घेऊ लागले.

त्यांच्या नावाला वजन होतं. युरोप-अमेरिकेत आंबट दुधाची लाट आली. १९१९ मध्ये बार्सिलोना इथे आयझॅक कारासो यांनी पाश्चर संस्थेतलं विरजण वापरून दही बनवायला सुरुवात केली आणि ते चक्क औषधांच्या दुकानांतून विकलं. डॅनोन कंपनीची सुरुवात ती हीच. हे पाहायला मेचनिकॉफ मात्र नव्हते. १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचं निधन झालं होतं.

तर्क किती खरा ठरला?

पुढच्या संशोधनात दिसलं की बल्गेरिकस जीवाणू माणसाच्या आतड्यात कायमचा वस्ती करत नाही. दही खाऊन आयुष्य वाढतं हेही सिद्ध झालं नाही. पण आतड्यातल्या जीवाणूंचा आरोग्याशी संबंध असतो, हा त्यांचा मूळ विचार मात्र टिकला. जपानमध्ये मिनोरू शिरोटा यांनी १९३० साली आतड्यापर्यंत जिवंत पोचणारा जीवाणू वेगळा केला आणि १९३५ मध्ये याकुल्ट बाजारात आलं.

आता प्रकार समजून घेऊया

घरचं दही : कोमट दुधात आधीचं विरजण घालतो. त्यात अनेक जातींचे जीवाणू मिसळलेले असतात आणि घराघरात ते वेगळे असतात. म्हणून शेजारच्या घरातल्या दह्याची चव वेगळी लागते.

योगर्ट : यात ठरवून दोन जीवाणू वापरतात, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. दूध साधारण ४२ अंश सेल्सिअसला ठेवतात. त्यामुळे प्रत्येक डब्याची चव सारखी येते.

ग्रीक योगर्ट : योगर्टमधलं पाणी गाळून काढलेलं असतं. श्रीखंडासाठी आपण दही फडक्यात टांगून चक्का करतो, तीच ही रीत. पाणी गेल्यामुळे प्रथिनं जवळपास दुप्पट होतात, पण त्या पाण्याबरोबर थोडं कॅल्शियमही जातं.

प्रोबायोटिक दही : यात दही लावणाऱ्या जीवाणूंखेरीज फायद्यासाठी निवडलेले खास जीवाणू घातलेले असतात. ते जिवंत आणि पुरेशा संख्येत असतील तरच उपयोग. शिवाय एका जीवाणूचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही.

फ्लेवर्ड योगर्ट : यात फळाचा स्वाद आणि बहुतेक वेळा वरून साखर घातलेली असते. डब्यावर फळाचं चित्र मोठं असलं तरी आत फळ किती आणि साखर किती हे मागच्या बाजूला वाचावं लागतं.

वर्गात काय करता येईल?

मुलांना दह्याचे रिकामे, धुतलेले डबे आणायला सांगा. घटकांच्या यादीत सर्वांत जास्त असलेला पदार्थ आधी लिहिलेला असतो. साखर कितव्या नंबरवर आहे, जीवाणूंची नावं दिली आहेत का, प्रथिनं किती आहेत, एवढं तक्त्यात भरून घ्या. शेवटच्या ओळीत घरचं साधं दही लिहा आणि साखरेच्या रकान्यात 'वरून घातलेली नाही' अशी नोंद करा.

पालकांसाठीही यात एक गोष्ट आहे. महागड्या डब्यातलं दही खाल्लं नाही म्हणून मूल मागे पडेल, असं वाटून घेऊ नका. घरचं ताजं दही चांगलंच असतं. मेचनिकॉफ यांनी काट्याबद्दल जे सांगितलं ते डोळ्यांनी पाहून सांगितलं, म्हणून ते टिकलं. दीर्घायुष्याबद्दल जे सांगितलं तो अंदाज होता, तो तपासल्यावर अर्धाच उरला. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचं म्हणणंही तपासून घेतलं गेलं. मग डब्यावरच्या जाहिरातीचं म्हणणं तपासून घ्यायला आपल्या मुलांनी नक्कीच शिकावं.