घटक ४ : सोफिया कोवालेव्हस्काया – एका अपवादाचे चरित्र

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला :
• सोफिया कोवालेव्हस्काया यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• एकोणिसाव्या शतकात गणित व विज्ञान शिकू पाहणाऱ्या स्त्रीपुढील अडथळ्यांचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• एका व्यक्तीला मिळालेली सवलत आणि सर्वांना मिळणारा हक्क यांतील फरक विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो,

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती अथवा घरसंसार सांभाळून, महाविद्यालयाच्या वर्गाबाहेर राहून पदवीचा अभ्यास करीत आहात. या घटकात जिचे चरित्र आपण अभ्यासणार आहोत, त्या रशियन गणितज्ञ स्त्रीनेही आपले सर्वोच्च शिक्षण वर्गाबाहेरच घेतले. तुम्ही हा मार्ग सोयीसाठी निवडला आहे. तिला मात्र वर्गात बसण्याची परवानगीच नव्हती. तिचे गणितातील कर्तृत्व मोठे आहेच. परंतु हे चरित्र वाचताना आणखी एका गोष्टीकडे तुम्ही लक्ष द्यावे. तिच्या वाटेवरील प्रत्येक दार कोणी, कसे आणि कोणासाठी उघडले, हा प्रश्न सतत मनाशी ठेवावा.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ बालपण : भिंतीवरचे गणित

सोफिया यांचा जन्म १५ जानेवारी १८५० रोजी मॉस्को येथे झाला. वडील वसिली कोर्विन-क्रुकोव्हस्की हे तोफखान्यातील सेनाधिकारी होते. ते निवृत्त झाल्यावर कुटुंब पालिबिनो येथील जहागिरीवर राहू लागले. तेथील घराच्या खोल्यांना भिंतीचा कागद लावताना मुलांच्या खोलीपुरता तो कमी पडला. तेव्हा अडगळीत सापडलेले जुने छापील कागद त्या भिंतीवर डकवण्यात आले. वडिलांनी तरुणपणी अभ्यासासाठी आणलेली, ऑस्ट्रोग्राड्स्की या गणितज्ञाची अवकलन व समाकलन या विषयावरील ती व्याख्याने होती. लहानगी सोफिया त्या भिंतीपुढे तासन्‌तास उभी राही. अर्थ कळत नसे, पण सूत्रांच्या आकृती मनात ठसत गेल्या. पुढे किशोरवयात हा विषय प्रत्यक्ष शिकताना तिने तो इतक्या झपाट्याने आत्मसात केला, की शिक्षकही चकित झाले.

याच काळातील आणखी एक प्रसंग महत्त्वाचा आहे. तिर्तोव्ह नावाच्या शेजारी राहणाऱ्या प्राध्यापकांनी आपले पदार्थविज्ञानाचे पुस्तक कुटुंबाला भेट दिले. त्यातील प्रकाशाच्या प्रकरणात ‘साइन’ हे गुणोत्तर वारंवार येत होते. त्रिकोणमिती सोफियाला कोणी शिकविली नव्हती. तिने वर्तुळाच्या जीवेचा आधार घेऊन त्या संकल्पनेचा अर्थ स्वतःच लावला. प्राचीन भारतीय गणितज्ञांनी याच कल्पनेला ‘ज्या’, म्हणजे धनुष्याची दोरी, असे नाव दिले होते, हे येथे लक्षात घ्यावे. गणिताच्या इतिहासात ही कल्पना ज्या वाटेने आली, त्याच वाटेने ही मुलगी एकटीने चालत गेली होती. तिर्तोव्ह यांनी तिच्या वडिलांचे मन वळविले आणि सोफियाला गणिताची शिकवणी मिळाली. येथे पहिले दार उघडले, ते एका शेजाऱ्याच्या शब्दाखातर.

४.२.२ शिक्षणासाठी विवाह

त्या काळी रशियातील विद्यापीठे स्त्रियांना बंद होती. परदेशी जाऊन शिकायचे, तर अविवाहित मुलीला वडिलांची आणि विवाहितेला पतीची संमती आवश्यक होती. वडील संमती देणार नव्हते. त्या पिढीतील सुधारणावादी रशियन तरुणांनी यावर एक उपाय शोधून काढला होता. नावापुरता विवाह करायचा आणि पत्नीला शिक्षणासाठी मोकळे करायचे. अठरा वर्षांच्या सोफिया यांनी १८६८ मध्ये व्लादिमिर कोवालेव्हस्की या जीवाश्मशास्त्राच्या तरुण अभ्यासकाशी असा विवाह केला.

या घटनेकडे केवळ एक धाडस म्हणून पाहू नये. पुरुष विद्यार्थ्याला शिकण्यासाठी प्रवेशअर्ज करावा लागे. सोफिया यांना त्यासाठी आपल्या खाजगी आयुष्याची रचनाच बदलावी लागली. पुढे हा विवाह खरोखरीचा संसार झाला. तथापि ज्या नात्याचा आरंभ कायद्याच्या अडचणीतून झाला, त्यातील ताण दोघांनाही दीर्घकाळ सोसावा लागला.

४.२.३ बर्लिन : वर्गाबाहेरची विद्यार्थिनी

१८६९ मध्ये सोफिया जर्मनीतील हायडेलबर्ग येथे आल्या. तेथेही स्त्रीला रीतसर प्रवेश नव्हता. प्राध्यापकांची स्वतंत्रपणे परवानगी मिळवून त्यांनी व्याख्याने ऐकली. पुढच्याच वर्षी त्या कार्ल वायरश्ट्रास या थोर गणितज्ञाकडे शिकण्यासाठी बर्लिनला गेल्या. वायरश्ट्रास यांनी परीक्षा पाहण्यासाठी त्यांना काही अवघड प्रश्न दिले. आठवड्याभरात सोफिया उत्तरे घेऊन परतल्या आणि त्या उत्तरांतील स्वतंत्र विचार पाहून गुरूंचे मत पालटले. मात्र विद्यापीठाने त्यांना केवळ श्रोता म्हणून बसू देण्यासही नकार दिला.

तेव्हा वायरश्ट्रास यांनी एक निर्णय घेतला. विद्यापीठात जे शिकवायचे, तेच ते या विद्यार्थिनीला खाजगीरीत्या, कोणतेही शुल्क न घेता शिकवू लागले. हा क्रम चार वर्षे चालला. जगातील उत्तम गणितशिक्षण सोफिया यांना मिळाले. पण सहाध्यायी, वर्गातील वादविवाद आणि विद्यापीठाच्या दप्तरी नोंद यांपैकी काहीच मिळाले नाही.

१८७४ मध्ये त्यांनी तीन प्रबंध पूर्ण केले. त्यांचे विषय आंशिक अवकल समीकरणे, आबेली समाकल आणि शनीच्या कड्यांचा आकार हे होते. पहिल्या प्रबंधातील सिद्धान्त आज कोशी–कोवालेव्हस्काया सिद्धान्त म्हणून जगभर शिकविला जातो. गॉटिंगेन विद्यापीठाने या कार्यासाठी त्यांना सर्वोच्च श्रेणीसह, अनुपस्थितीत आणि तोंडी परीक्षेविना डॉक्टरेट दिली. आधुनिक काळात गणितात ही पदवी मिळविणाऱ्या युरोपातील त्या पहिल्या स्त्री होत.

४.२.४ पदवी आहे, पद नाही

पदवी घेऊन सोफिया मायदेशी परतल्या. चोविसाव्या वर्षी डॉक्टर झालेल्या या गणितज्ञापुढे एकच काम होते : मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना अंकगणित शिकविणे. विद्यापीठात स्त्रीला नेमण्याची तरतूदच नव्हती. १८७८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे स्त्रियांसाठी उच्च अभ्यासवर्ग सुरू झाले. ते उभारण्यास सोफिया यांनी हातभार लावला, परंतु तेथेही त्यांना अध्यापनाची संधी मिळाली नाही. रशियातील पदव्युत्तर परीक्षेस बसण्याची परवानगी त्यांनी मागितली, तीही नाकारली गेली.

या काळात सोफिया गणितापासून दूर गेल्या. त्यांनी वृत्तपत्रांतून लेखन केले, नाट्यपरीक्षणे लिहिली. गुरूंची पत्रे अनुत्तरित राहू लागली. १८७८ मध्ये त्यांना मुलगी झाली. पतीने बांधकामाच्या व्यवसायात पैसा गुंतविला होता, तो बुडाला. अखेर १८८३ च्या वसंतात व्लादिमिर यांनी आत्महत्या केली. सहा वर्षांच्या खंडानंतर गणिताकडे नुकत्याच वळलेल्या सोफिया यांच्यावर आता एका लहान मुलीची जबाबदारी होती आणि हाती नोकरी नव्हती.

या टप्प्यावर थोडे थांबून विचार करा. एखाद्या स्त्रीने विज्ञान सोडले, असे आपण सहज म्हणतो. सोफिया यांच्याबाबतीत कोणी कोणाला सोडले, हे वरील घटनाक्रमावरून तुम्हीच ठरवावे.

४.२.५ स्टॉकहोम : पहिले हक्काचे स्थान

वायरश्ट्रास यांचेच एक शिष्य योस्टा मिटाग-लेफलर हे स्टॉकहोमच्या नव्या उच्च शिक्षणसंस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८८३ च्या अखेरीस सोफिया स्वीडनला आल्या. याच वर्षी आपल्याकडून आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या, याची येथे आठवण होते. दोन्ही स्त्रियांना शिक्षणासाठी स्वदेश सोडावा लागला.

पहिल्या वर्षी सोफिया यांना संस्थेकडून वेतन नव्हते. त्यांनी आरंभी जर्मन भाषेत शिकविले आणि लवकरच स्वीडिश आत्मसात केली. १८८४ मध्ये त्यांची पाच वर्षांसाठी प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. ‘आक्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकाच्या संपादक मंडळातही त्यांना स्थान मिळाले. विरोध मात्र संपला नाही. विख्यात नाटककार स्ट्रिंडबर्ग यांनी स्त्री गणिताची प्राध्यापक असणे ही एक विकृतीच होय, अशा आशयाचे जाहीर लेखन केले. भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकांनी हे ध्यानात ठेवावे, की प्रतिभावंत लेखकही आपल्या काळाच्या पूर्वग्रहांतून मुक्त असतोच असे नाही.

४.२.६ बंद पाकिटातील नाव

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १८८८ च्या बोर्दँ पारितोषिकासाठी निबंध मागविले. स्थिर बिंदूभोवती फिरणाऱ्या घन पदार्थाची गती हा विषय होता. फिरता भोवरा डोळ्यांपुढे आणा. त्याची गती गणिताने पूर्णपणे सांगणे ऑयलर आणि लाग्रांज यांना प्रत्येकी एका विशिष्ट प्रकारापुरतेच साधले होते. सोफिया यांनी तिसरा, असममित भोवऱ्याचा प्रकार शोधून पूर्णपणे सोडविला.

या स्पर्धेची पद्धत उद्‌बोधक आहे. निबंधावर लेखकाचे नाव नसे. त्यावर केवळ एखादे बोधवाक्य लिहिलेले असे आणि नाव वेगळ्या बंद पाकिटात असे. म्हणजे आधी गुणवत्तेचा निर्णय होई आणि मग नाव उघड होई. एकूण पंधरा निबंधांतून सोफिया यांचा निबंध निवडला गेला आणि त्याची योग्यता पाहून पारितोषिकाची रक्कम ३,००० फ्रँकवरून ५,००० फ्रँक करण्यात आली. जेथे नियम सर्वांना सारखा होता, तेथे त्यांना कोणाच्या शिफारशीची गरज पडली नाही.

१८८९ मध्ये स्टॉकहोमचे प्राध्यापकपद कायम झाले. त्याच वर्षी रशियाच्या विज्ञान अकादमीने आपला नियम बदलून त्यांना सन्माननीय पत्रव्यवहारी सदस्य करून घेतले. परंतु रशियात त्यांना पद मिळाले नाही. बालपणीच्या आठवणी, मैत्रीण अ‍ॅन शार्लट लेफलर यांच्यासह लिहिलेले नाटक आणि एक कादंबरी असे त्यांचे साहित्यही आहे. प्रवासात झालेल्या आजारातून न्यूमोनिया होऊन १० फेब्रुवारी १८९१ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले.

४.२.७ अपवाद आणि नियम

आता प्रास्ताविकातील प्रश्नाकडे वळू. तिर्तोव्ह, व्लादिमिर, वायरश्ट्रास, मिटाग-लेफलर या चार उदार व्यक्तींनी सोफिया यांच्यासाठी दारे उघडली. त्यांचे ऋण मोठे आहे. पण यांतील एक जरी भेटला नसता, तर हे चरित्र लिहिले गेले नसते. शिवाय सोफिया आत गेल्यावर प्रत्येक दार पुन्हा मिटले. बर्लिन आणि गॉटिंगेन ज्या प्रशियात होते, तेथील विद्यापीठांत स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळाला तो १९०८ मध्ये, म्हणजे सोफिया यांच्या पदवीनंतर ३४ वर्षांनी. त्याच गॉटिंगेनमध्ये १९१५ नंतर एमी नोएथर या असामान्य गणितज्ञ स्त्रीला सहकारी डेव्हिड हिल्बर्ट यांच्या नावाने व्याख्याने द्यावी लागली. स्वतःच्या नावाने शिकविण्याचा अधिकार त्यांना १९१९ मध्ये मिळाला. एका स्त्रीची बुद्धिमत्ता सिद्ध झाली, तरी पुढच्या स्त्रीला ती पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावी लागली. अपवादाने व्यक्तीचा गौरव होतो. समता मात्र नियमानेच येते.

४.३ सारांश

सोफिया कोवालेव्हस्काया यांनी विद्यापीठाबाहेर राहून गणिताचे सर्वोच्च शिक्षण घेतले, आधुनिक युरोपात गणितातील डॉक्टरेट मिळविणारी पहिली स्त्री होण्याचा मान मिळविला आणि स्टॉकहोम येथे प्राध्यापकपद भूषविले. शिकण्याची संधी, पदवी, पद आणि वेतन हे चार टप्पे त्यांना वेगवेगळ्या झगड्यांतून गाठावे लागले. प्रवेश मिळाला म्हणजे समान संधी मिळाली असे होत नाही, हे या चरित्रातून स्पष्ट होते.

४.४ शब्दार्थ

जीवा : वर्तुळावरील दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड.
असममित : ज्याचे भाग सर्व बाजूंनी सारखे नाहीत असा.
जीवाश्मशास्त्र : खडकांत सापडणाऱ्या प्राचीन जीवांच्या अवशेषांचा अभ्यास करणारे शास्त्र.

४.५ स्वाध्याय

१. सोफिया यांच्या विवाहामागील सामाजिक व कायदेशीर कारणे स्पष्ट करा.
२. बोर्दँ पारितोषिकाची निवडपद्धती आणि विद्यापीठीय प्रवेशाची तत्कालीन पद्धती यांची तुलना करा.
३. तुमच्या कुटुंबातील किंवा परिसरातील एखाद्या स्त्रीला गणित अथवा विज्ञान शिकताना कोणत्या टप्प्यावर थांबावे लागले, याची माहिती घ्या. तिचे नाव न देता सुमारे २०० शब्दांत टिपण लिहा. तो अडथळा एखाद्या व्यक्तीच्या मदतीने दूर झाला असता की नियम बदलल्याने, याविषयी आपले मत नोंदवा.